ओलाव्याची मोजदाद

अकोल्याहून वाशीमच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे काळ्या मातीचा सपाट मुलूख संपता संपता जेथे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट चढू लागतो, त्या पायथ्याशी पातूर हा जुना कसबा वसलेला आहे. जुन्या दप्तरांत त्याची नोंद ‘पातूर शेखबाबू’ अशी सापडते. गावालगतच्या टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी, रेणुकामातेचे देऊळ, शहाबाबूंचा दर्गा, आणि मोर्णा-निर्गुणेच्या खोऱ्यांत पसरलेली कापूस, सोयाबीन, तूर व संत्रा यांची शेती एवढा ऐवज सांगितला, की पातूरचा बाह्य परिचय पुरा होतो. परंतु कार्तिकात, सीतादही होऊन वेचणीला जोर आला म्हणजे, या भागातल्या प्रत्येक खळ्यावर, जिनिंगच्या फाटकावर आणि बाजार समितीच्या ओट्यावर एकच प्रश्न कानी पडतो. ‘मॉइश्चर किती आलं?’ ज्या शेतकऱ्याच्या आजोबांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता, त्याचा वर्षाचा हिशेब आता या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

या उत्तराची किंमत रुपयांत सांगता येते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा पायाभूत धरलेला असून त्यावरच्या प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला कापूस केंद्रावरून परत फिरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे त्या भावाने एक टक्का ओलावा क्विंटलमागे ८१ रुपये घेऊन जातो, आणि वीस क्विंटल घेऊन आलेल्या माणसाच्या खिशातून, मापकाच्या दाभणांनी केवळ एका टक्क्याचा फरक दाखवला तरी, सोळाशेवर रुपये निघून जातात. सोयाबीनची कथा याहून बोलकी आहे. तेथे हमीभावाच्या खरेदीसाठी १२ टक्क्यांची मर्यादा होती. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. त्याच महिन्यात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती, हा योगायोग. मुद्दा असा, की दाण्यात आणि रुईत दडलेल्या पाण्याचे प्रमाण हा विषय आता पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात बंदिस्त राहिलेला नाही. तो सरकारी हुकमात आणि अडत्याच्या पट्टीत येऊन बसला आहे.

तसा तो वऱ्हाडात पूर्वीपासूनच होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६० च्या दशकात वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणला, तेव्हा वजन वाढवण्यासाठी कापसावर पाणी मारण्याची विद्याही भरभराटीला आली. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, त्याचे कारण हीच पाण्याची आणि भेसळीची कला होय. पुढे हैद्राबादच्या रेसिडेंटाच्या अंमलात १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमबद्ध झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा आला. हिंदुस्थानातल्या नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ वऱ्हाडच्या मातीत झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी अभिमानाने सांगत नाही. मात्र त्या सर्व कायद्यांच्या काळात ओलावा मोजण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे जाणत्या माणसाचा हात. मुठीत कापूस आवळायचा, सोडायचा, तो किती लवकर फुलून येतो हे पाहायचे, सरकी दाताखाली फोडून तिचा आवाज ऐकायचा. असा हात ज्याचा असे तो बहुधा व्यापाऱ्याच्या बाजूला उभा असे, ही या मापनपद्धतीतली खरी उणीव होती.

गंमत अशी, की हवेतला ओलावा मोजण्यासाठी युरोपात कल्पिलेली अगदी सुरुवातीची यंत्रे लोकरीची आणि कापसाचीच होती. जर्मन धर्मपंडित निकोलस ऑफ कूसा याने १४५० च्या सुमारास असे सुचविले, की तराजूच्या एका पारड्यात लोकरीचा मोठा गोळा व दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड ठेवावेत. हवा दमट झाली की लोकर जड होईल, कोरडी झाली की हलकी होईल, आणि पारडे हवेचा स्वभाव सांगेल. पुढे लिओनार्दो दा विंचीने याच तत्त्वाचा तराजू रेखाटला. त्यात एका बाजूला कापसासारखा पाणी पिणारा पदार्थ व दुसऱ्या बाजूला पाणी न पिणारे मेण होते. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूरने मानवी केसाचा आर्द्रतामापक प्रसिद्ध केला. संपूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेले असता केस लांबीने सुमारे दोन-अडीच टक्के वाढतो, एवढ्या साध्या निरीक्षणावर ते उपकरण पुढची दीडशे वर्षे जगभर चालले. आजही हवामान खात्याच्या पांढऱ्या पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन तापमापकांपैकी ओल्या तापमापकाच्या गोळ्याभोवती जे फडके गुंडाळलेले असते, ते मलमलीचे असते.

कापूस हे काम का करतो, हे नीट पाहिले पाहिजे, कारण नॅनोपदार्थांच्या संवेदकांची सारी विद्या त्याच कारणाचा विस्तार आहे. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज-घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचा रेणू त्यांना हायड्रोजन बंधाने येऊन बिलगतो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या प्रमाण हवेत कापसाने धरलेले पाणी व्यापारात त्याच्या कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के मानतात. एकूण वजनाच्या हिशेबाने हे ७.८ टक्के होते, म्हणजे महामंडळाचा ८ चा आकडा जवळपास हाच आहे. अकोल्याच्या वैशाखात, दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरली असता, हाच कापूस तीन टक्क्यांच्या जवळ येतो. श्रावणात बारा टक्क्यांच्या वर चढतो. म्हणून पहाटे दवात वेचलेला कापूस आणि उन्हे चढल्यावर वेचलेला कापूस हे बाजाराच्या दृष्टीने दोन निराळे जिन्नस ठरतात, जरी शेत एक, पराटी एक आणि वेचणारे हातही तेच असले तरी.

विसाव्या शतकाने या सर्वांची जागा विजेला दिली. १९३८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डनमोर याने लिथियम क्लोराइडच्या थराचा विद्युत्-रोध आर्द्रतेनुसार बदलतो हे वापरून फुग्याबरोबर आकाशात जाणारा संवेदक तयार केला. १९७३ मध्ये फिनलंडच्या वैसाला कंपनीने पातळ बहुवारिकाचा थर दोन विद्युताग्रांमध्ये ठेवून, त्याच्या विद्युत्-धारितेत होणाऱ्या बदलावरून आर्द्रता वाचणारी चकती बाजारात आणली, आणि आज भ्रमणध्वनीपासून शीतगृहापर्यंत जे संवेदक दिसतात त्यांतील बहुतेक तिचेच वंशज होत. ते पुष्कळ चांगले आहेत. मग नव्या पदार्थांचा खटाटोप कशासाठी? एक कारण किमतीचे आहे: महाविद्यालयीन विद्यार्थी प्रकल्पासाठी जो डीएचटी-११ नावाचा निळा डबा वापरतात तो स्वस्त आहे खरा, पण त्याचा बनवणाराच पाच टक्के मागेपुढे होण्याची कबुली देतो. दुसरे कारण धुळीचे, औषधांच्या वाफांचे आणि उन्हाळ्याचे. बहुवारिकाचा थर या तिन्हींना कालांतराने बळी पडतो. तिसरे कारण कुतूहलाचे आहे, आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही.

नॅनोपदार्थांची महती पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर भरते, आणि पदार्थ तोळाभरही वाढलेला नसतो. पाण्याचे रेणू पृष्ठभागावरच येऊन बसतात. तेव्हा पृष्ठभाग जितका अधिक तितकी बैठक मोठी. पण केवळ बैठक मोठी असून भागत नाही. जस्ताच्या किंवा कथिलाच्या ऑक्साइडावर पाण्याचा पहिला थर रासायनिक बंधाने घट्ट चिकटतो व हायड्रॉक्सिल होऊन राहतो. तो सहजी सुटत नाही. त्यावर दुसरा थर हायड्रोजन बंधांनी बसतो, मग तिसरा, आणि थर वाढले म्हणजे प्रोटॉन एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर उडी घेत पुढे सरकू लागतात. बांधकामावरचे मजूर ओळीने उभे राहून विटा हातोहात वर पोचवतात तेव्हा वीट वर जाते, पण मजूर आपली जागा सोडत नाही. प्रोटॉनचे हे वहन तसेच होते. ग्रोटहस याने १८०६ मध्ये पाण्यातील विद्युत्-वहनाबद्दल जे सुचविले, त्याचेच हे आजचे रूप. म्हणून कोरड्या हवेत या पदार्थांचा रोध अतिशय मोठा असतो आणि दमट हवेत तो काही वेळा हजारपटीनेही उतरतो.

यापुढे छिद्रांचा अध्याय येतो. अत्यंत अरुंद छिद्रात वाफ नेहमीपेक्षा आधीच द्रवरूप होते. छिद्र जितके अरुंद तितके हे लवकर. केल्विनच्या समीकरणात २५ अंश तापमानाचे पाणी घालून हिशेब केला तर ५० टक्के आर्द्रतेला सुमारे दीड नॅनोमीटर त्रिज्येची छिद्रे भरतात आणि ९० टक्क्यांना सुमारे दहा नॅनोमीटरची. याचा अर्थ असा, की पदार्थ बनविणाऱ्याने छिद्रांचा आकार हाती ठेवला तर संवेदक कोणत्या आर्द्रतेला तीव्र व्हावा हे त्याला आधी ठरविता येते. वैशाखातल्या वऱ्हाडी हवेसाठी निराळी छिद्रे लागतील आणि कोकणातल्या आंब्याच्या कोठारासाठी निराळी. पदार्थसंश्लेषण ही येथे खऱ्या अर्थाने कारागिरी होते.

ही कारागिरी करण्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही. कथिलाच्या क्लोराइडाच्या पाण्यात थेंबाथेंबाने अमोनिया सोडावा, पांढरा साका बसू द्यावा, तो क्लोराइड पूर्ण निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावा (शेवटच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला असता पाणी गढूळ झाले नाही, म्हणजे धुणे पुरे झाले), वाळवावा आणि चार-पाचशे अंशांवर भट्टीत भाजावा, की नॅनोकणांची भुकटी तयार होते. भट्टी थोडी अधिक तापली तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आधीची सारी मेहनत वाया जाते. जस्ताच्या नायट्रेटाचे द्रावण हेक्झामिथिलीन टेट्रामीनबरोबर नव्वद-पंचाण्णव अंशांवर काही तास ठेवले तर काचेवर षट्कोनी काड्यांचे रान उगवते. अॅनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणाला बर्फात ठेवून त्यात अमोनियम परसल्फेट घातले, की काही वेळात हिरवागार पॉलिअॅनिलीन साकळतो. ज्या वर्गाच्या पदार्थांच्या शोधासाठी २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले, त्यांपैकी एक पदार्थ तालुक्याच्या महाविद्यालयात एका दुपारी तयार होतो, हे मला आजही नवलाचे वाटते. भुकटीत एथिल सेल्युलोज आणि एखादे मंद उडणारे द्रावक मिसळून लेप करावा, रेशमी जाळीतून तो अॅल्युमिनाच्या पट्टीवर छापावा आणि पुन्हा भाजावा. याला थिक फिल्म म्हणतात.

महाराष्ट्रात या कामाला चांगली परंपरा आहे, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा धागा पातूरपासून फार दूर नाही. अमरावतीला १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज या नावाने निघालेली आणि पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून सर्वपरिचित झालेली शासकीय संस्था आहे. तेथील पदार्थविज्ञानाचे एस. पी. यावले आणि एस. एस. यावले यांनी जी. टी. लामधाडे यांच्यासह कथिल व जस्त यांच्या ऑक्साइडांत इतर द्रव्ये मिसळून केलेल्या आर्द्रता-संवेदकांवरचा आपला निबंध २००७ साली ‘सेन्सर्स अँड अॅक्च्युएटर्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. खानदेशात अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील यांच्या प्रयोगशाळेने थिक फिल्मच्या वायुसंवेदकांवर दीर्घकाळ काम केले. पुण्यात विद्यापीठातल्या आर. सी. अय्यर आणि सी-मेट संस्थेतील डी. पी. अमळनेरकर प्रभृतींनी २००८ मध्ये निराळाच मार्ग घेतला: प्रकाशतंतूचे वरचे आवरण थोड्या भागापुरते काढून त्या जागी कोबाल्टचे नॅनोकण असलेल्या पॉलिअॅनिलीनचा लेप दिला, आणि हवेतला ओलावा बदलला की तंतूतून पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता बदलते, हे दाखविले. अशा संवेदकाच्या टोकाशी वीज नेण्याचे कारण नसते. सरकीच्या आणि रुईच्या गंजीत, जेथे एक ठिणगी गोदाम जाळू शकते, तेथे या गुणाचे मोल काय आहे हे जिनिंगवाल्याला समजावून सांगावे लागणार नाही.

असे संवेदक तपासण्याची रीत मला विशेष आवडते, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यात लबाडीला फारसा वाव नाही. बंद बरणीत एखाद्या क्षाराचे संपृक्त द्रावण ठेवले, म्हणजे तळाशी न विरघळलेला क्षार शिल्लक राहील एवढे दाट केले, की वरच्या हवेची आर्द्रता आपोआप एका ठराविक आकड्यावर स्थिर होते. २५ अंशांवर लिथियम क्लोराइड ११ टक्के देते, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, मॅग्नेशियम नायट्रेट ५३, खाण्याचे मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८४ आणि पोटॅशियम सल्फेट ९७. अशा बरण्या ओळीने मांडून संवेदक एकीतून दुसरीत न्यायचा आणि त्याचा रोध टिपून घ्यायचा. चढत्या क्रमाने एकदा, उतरत्या क्रमाने एकदा.

या उतरत्या क्रमातच सारी मेख आहे. चढताना ५३ टक्क्यांच्या बरणीत संवेदकाने जो आकडा दिला, तो उतरताना त्याच बरणीत तो देत नाही. थोडा अधिक ओलावा दाखवितो. आत शिरलेले पाणी ज्या वाटेने आले त्या वाटेने बाहेर पडत नाही. ज्या छिद्राचे तोंड अरुंद आणि पोट मोठे, ते भरते पोटाच्या मापाने, पण रिकामे होते तोंडाच्या मापाने, म्हणजे उशिरा. ज्या रेणूंनी रासायनिक बंध केला ते तर राहूनच जातात. याला हिस्टेरिसिस म्हणतात. शोधनिबंधांचे मथळे बहुधा संवेदनशीलतेचे गुणगान करतात. २०१३ मध्ये केंब्रिज येथील नोकियाच्या प्रयोगशाळेने ग्राफीन ऑक्साइडचा पंधरा नॅनोमीटर जाडीचा थर घेऊन ३० मिलिसेकंदांत प्रतिसाद देणारा संवेदक जाहीर केला, तेव्हा त्या वेगाचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते यथार्थच होते. पण माझे मत असे बनले आहे, की आर्द्रता-संवेदकाच्या बाबतीत पाणी धरणे ही सोपी गोष्ट असून सोडणे ही कठीण आहे, आणि नव्या पदार्थाची परीक्षा त्याच्या सोडण्यावर करावी. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला तीस मिलिसेकंदांची घाई नसते. मागच्या गाडीतला दवाने ओला कापूस मापून झाल्यावर पुढच्या गाडीतल्या कोरड्या कापसाला यंत्र मागच्याची आठवण ठेवून तर बोलत नाही ना, एवढीच त्याची विवंचना असते.

जपानी अभियंत्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. मात्सुशिता कंपनीतील नित्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मॅग्नेशियम क्रोमाइट आणि टायटेनियम ऑक्साइड यांच्या सच्छिद्र मृत्तिकेचा संवेदक वर्णन केला, तेव्हा त्याच्या भोवती तापवण्याची तार बसविली होती. स्वयंपाकाच्या भट्टीत तेलाची वाफ आणि मसाल्याचे कण त्यावर साचले की तार त्याला शेकडो अंशांपर्यंत तापवी आणि पृष्ठभाग पुन्हा कोरा होई. उपाय नामी आहे, पण त्याला वीज लागते, आणि रुईच्या शेजारी ४५० अंशांवर तापलेली वस्तू ठेवण्यास कोणीही शहाणा माणूस परवानगी देणार नाही. म्हणून आजच्या संश्लेषणात दुसऱ्या तजविजी चालतात: छिद्रे नळीसारखी एकसारखी करणे, म्हणजे तोंड आणि पोट यांत अंतर राहणार नाही, लिथियम वा पोटॅशियमचे आयन अल्प प्रमाणात मिसळून कोरड्या हवेतही वहन सुरू ठेवणे, ऑक्साइड आणि बहुवारिक यांचा संयोग करून एकाची ताठरता व दुसऱ्याची लवचीकता साधणे. पॉलिअॅनिलीनला एक स्वतंत्र खोड आहे. तो अमोनियालाही प्रतिसाद देतो, आणि गोठ्याशेजारच्या खोलीत तो हवेऐवजी गोठ्याची बातमी देऊ लागतो. प्रयोगशाळेच्या शुद्ध हवेत हा दोष दिसत नाही, म्हणून निबंधात तो येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की कापसात टोचायच्या दाभणांच्या मापकाचा आणि या नॅनोसंवेदकांचा संबंध काय? तो मापक रुईचा विद्युत्-रोध वाचतो. हवेची आर्द्रता वाचत नाही. हरकत रास्त आहे. परंतु दाभणांचे वाचन कापूस किती दाबला आहे, दाभणे सरकीला लागली की रुईत राहिली, आणि कापूस किती तापलेला आहे, यांवर हेलकावे खाते, हे गाडीच्या तीन कोपऱ्यांत तीन आकडे ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उलट, गाडीच्या पोटात एक बारीक सच्छिद्र नळी खोचून तिच्यातल्या हवेची आर्द्रता आणि तापमान वाचले, तर ती हवा आसपासच्या रुईशी समतोल साधून असल्यामुळे त्यावरून कापसाचा ओलावा हिशेबाने काढता येतो. सोयाबीनच्या कट्ट्यात, तुरीच्या गोदामात, हीच रीत आणखी चांगली चालते. आणि सत्तर टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत बुरशी धरू लागते हे ध्यानात घेतले, तर असा संवेदक माल विकण्याआधी सांभाळण्याच्याही कामी येतो. नळीत मावणारा, स्वस्त, आणि उतरताना खरे बोलणारा संवेदक एवढीच मागणी आहे. तीच पुरी करणे जड जाते.

शासनानेही आता आर्द्रतेच्या आकड्यावर पैशाचा व्यवहार ठेवला आहे. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय उभारलेली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, वारा, तापमान यांबरोबर सापेक्ष आर्द्रताही नोंदवितात, आणि हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात काही पिकांचे दावे याच नोंदींवर मंजूर वा नामंजूर होतात. खांबावर बारा महिने उन्हात, धुळीत आणि फवारणीच्या वाऱ्यात उभा असलेला संवेदक तीन वर्षांनी किती सरकला, याची रुजवात कोणी व कशी घालायची, हा प्रश्न मला विम्याच्या हप्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता या विषयातल्या सर्वांत सुखद वळणाकडे येतो. जगातल्या अनेक प्रयोगशाळांत सध्या आर्द्रता-संवेदकासाठी जो पदार्थ आवडीने हाताळला जातो, तो नॅनोसेल्युलोज आहे: वनस्पतिजन्य तंतू यांत्रिक वा रासायनिक रीतीने उलगडत नेऊन त्यांचे काही नॅनोमीटर जाडीचे धागे वा स्फटिक वेगळे काढलेले. तो स्वस्त आहे, मातीत मिसळून जातो, कागदासारखा पसरता येतो आणि पाण्याची त्याला उपजत ओढ आहे. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून कापसाच्या गुणधर्मांवर काम करणारी केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिने कापसापासून नॅनोसेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला आहे. पातूरच्या रानातल्या पराटीवरचे बोंड उद्या दुसऱ्या बोंडाचा ओलावा मोजणाऱ्या चकतीत जाऊन बसले, तर कूसाच्या पंडिताचे पारडे पावणेसहा शतकांनी वऱ्हाडात पोचले असे म्हणता येईल. मात्र सेल्युलोजने आपला मूळ स्वभाव सोडलेला नाही. इंग्लंडातल्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये अर्कहार्ट आणि विल्यम्स यांनी १९२४ मध्ये कापसावर जे सूक्ष्म प्रयोग केले, त्यांत एकाच आर्द्रतेला पोचताना कोरड्याकडून आलेला कापूस कमी पाणी धरतो आणि ओल्याकडून आलेला अधिक, हे निर्विवाद दिसले होते. नॅनोसेल्युलोजच्या चकतीतही तोच दोष घर करून असतो, आणि ग्राफीन ऑक्साइड वा धातूंची ऑक्साइडे मिसळून तो कमी करण्याची खटपट चालू आहे.

दरम्यान बाजार समित्यांना एक सूचना करावीशी वाटते, आणि तिला नॅनोतंत्रज्ञान लागत नाही. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही, हे पाहण्याची सवय आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. ओलावामापक शेवटचा केव्हा तपासला, हे क्वचितच कोणी विचारतो. प्रत्येक बाजार समितीने आपल्या कचेरीत घट्ट झाकणाच्या दोन बरण्या ठेवाव्यात, एकीत खाण्याच्या मिठाचा आणि दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचा दाट रबडा, आणि दोन्हींच्या वर जाळीत सरकी काढलेला स्वच्छ कापूस. मिठाच्या बरणीत आर्द्रता थंडीत आणि उन्हाळ्यात जवळपास पाऊणशेच राहते, हा तिचा मोठा गुण आहे. चार-पाच दिवसांनी दोन्ही कापसांत मापकाची दाभणे टोचून आकडे लिहून घ्यावेत, आणि त्याच कापसाचे नमुने १०५ अंशांच्या भट्टीत वाळवून वजनाने खरा ओलावा काढावा. अशी भट्टी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांतही असते. बरणीत ठेवण्यापूर्वी कापूस दरवेळी उन्हात सारखा वाळवून घ्यावा, नाहीतर तो कोणत्या बाजूने समतोलाला आला यावरून अर्ध्या-एक टक्क्याचा घोळ होईल. आकड्यांचा कागद हर्रासाच्या ओट्यावर, भावफलकाच्या शेजारी लावावा. मिठाचा खर्च समितीला झेपण्यासारखा आहे.